जुन्या लॅपटॉपच्या जीर्णोद्धाराविषयी मार्गदर्शक सूचना

सदर सूचना महाड व पोलादपूर तालुक्यांतील अशा सर्व कुटुंबांना लागू राहतील, ज्यांच्या घरी मुंबईच्या काकांनी कुठल्याशा गणपतीत "ऑफिसने नवीन दिलेत, हा पोरांना राहू दे" असे म्हणत आणून ठेवलेला लॅपटॉप आहे. पात्रतेची अट एकच. बटण दाबून चहा टाकावा. चहा उकळून, बशीत ओतून, पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असेल, तर अर्जदार पात्र.

देवळाच्या जीर्णोद्धारात ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ यांचे पहिल्याच बैठकीत फाटते, तसे इथेही फाटणारच. गाभारा गळत असताना निम्म्या लोकांना आधी कमान हवी असते. काका म्हणतात, रॅम टाका. भाचा म्हणतो, ग्राफिक कार्ड. भाच्याचे मत इतिवृत्तात आदराने नोंदवावे आणि पुढे जावे. बहुतेक लॅपटॉपांत ग्राफिक चिप आणि गेल्या दहाएक वर्षांत प्रोसेसरही मदरबोर्डवरच सोल्डर केलेला असतो. तो बदलता येत नाही, फक्त त्याच्यावर चर्चा करता येते.

निर्णय चर्चेने घेऊ नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज उघडण्याइतपत नेहमीचे काम करत पाहत बसावे. 'डिस्क'च्या रकान्यात 100 टक्के ठाण मांडून बसले असतील, आणि जुन्या यंत्रात ते बसलेले असतातच, तर पैसे एसएसडीवर घालावेत. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते आणि तिच्यावरचा काटा हजारो बारीक फायली शोधत इकडून तिकडे धावतो. एसएसडीत हलणारे काहीच नाही. साध्या साटा एसएसडीचा वाचनवेग सेकंदाला 500 एमबीच्या आसपास, जुन्या डिस्कचा 100च्या. पण खरा फरक त्या धावपळीचा आहे, आणि तो आजीलासुद्धा कळतो. महागडी एनव्हीएमई एसएसडी घेऊ नये. जुन्या यंत्रात तिची खाच बहुधा नसते. अडीच इंची, 7 मिलिमीटर जाडीची साटा पुरे.

रॅम दुसऱ्या क्रमांकावर. 4 जीबीच्या 8 केल्या तर ब्राउझरचे हाल थांबतात; पाच-सहा खिडक्या उघडणाऱ्याने 16चा हट्ट धरू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या पाहुण्याला "रॅम आण" एवढाच निरोप देणे दंडनीय समजावे. डीडीआर-3, 1.35 व्होल्टवर चालणारी डीडीआर-3एल आणि डीडीआर-4 या वेगळ्या जाती आहेत, आणि डीडीआर-3च्या जागी डीडीआर-4 ठोकूनही बसत नाही. मागचे झाकण उघडून जुन्या पट्टीचा फोटो पाठवावा. पट्टीच नसेल, रॅमही बोर्डवर सोल्डर केलेली असेल, तर पाहुण्याकडून खारी बिस्किटे मागवावीत.

झाकण उघडलेच आहे तर पंखा आणि तांब्याच्या जाळीमधला कचरा ब्रशने काढावा. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, त्यामुळे फुकटातली ही सुधारणा पुष्कळदा विकतच्या सुधारणेला लाजवते. टचपॅड वर उचलला गेला असेल तर खाली बॅटरी फुगली आहे. टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये. नवी बॅटरी घेताना बनवल्याची तारीख पाहावी. खोक्यात पाच वर्षे पडलेली बॅटरी पाच वर्षे म्हातारीच असते.

विंडोज 10ची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11ला टीपीएम 2.0 आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. रॅम वाढवून पिढी वाढत नाही. म्हणून एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावे; काका आठवडाभर नाराज राहतील.

आता या तालुक्यांपुरती सुधारणा, जिचा उल्लेख कुठल्याही माहितीपत्रकात नाही: उंची. पाऊस महाबळेश्वरला कोसळतो, सावित्री तो पोलादपूरवरून महाडला आणते, तिथे गांधारी येऊन मिळते, आणि नेमकी तेव्हाच भरती असेल तर बाणकोटच्या खाडीकडे पाणी पुढे सरकत नाही. 22 जुलै 2021ला बाजारपेठेतली तळमजल्यावरची दुकाने पाण्याखाली गेली. एसएसडी पडण्या-आपटण्याला दाद देत नाही, चिखलपाण्याला देते. म्हणून माळ्यावर एक फळी ठोकून घ्यावी. सर्व सुधारणांत स्वस्त हीच.

निघालेली हार्ड डिस्क भंगारात देऊ नये. केसिंगमध्ये घालून सातबारा, दाखले, लग्नाचे फोटो तिच्यावर उतरवावेत. मात्र ती लॅपटॉपशेजारीच त्याच फळीवर ठेवली तर तिला बॅकअप म्हणत नाहीत. पुण्याच्या आत्याकडे पाठवावी. पावसाळ्यात पुण्याच्या वाटेवरचा वरंध घाट अनेकदा बंद असतो, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरकावे. आंब्याच्या पेटीबरोबर आत्या डिस्कही ठेवून घेते.