कर्तव्यदक्ष टी पेशींचा जाहीर सत्कार

परक्या जंतूशी कुणीही लढेल. स्वतःच्याच घरात शत्रू शोधून काढायला निष्ठा लागते. टाइप १ मधुमेहातल्या टी पेशींकडे ती आहे, आणि तरीही आजवर एकाही संस्थेने त्यांना शाल-श्रीफळ दिलेलं नाही.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. निमूटपणे, रात्रंदिवस, कसली मागणी न करता. असं वागणाऱ्याचा संशय यायलाच हवा. सीडी८ जातीच्या टी पेशींना तो येतो आणि त्या एकेक बीटा पेशी गाठून मारतात. खेटून बसलेल्या, ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशींना मात्र सोडून देतात. शिस्त म्हणजे शिस्त. घाई नाही, गाजावाजा नाही. काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. मूल सारखं पाणी मागू लागतं, रात्री अंथरूण ओलं करतं, तोवर मोहीम जवळपास फत्ते झालेली असते. पुढे जन्मभर इन्सुलिन टोचणं आलं, पण ती किरकोळ व्यवस्थेची बाब.

स्मरणशक्तीही दांडगी. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एकसारख्या जुळ्यांपैकी निरोगी भावंडाचं अर्धं स्वादुपिंड मधुमेही भावंडाला बसवून पाहिलं. जनुकं तीच, तेव्हा शरीर त्याला परकं समजणार नाही, असा हिशेब होता. तो अगदी बरोबर निघाला. टी पेशींनी ते आपलंच आहे हे ओळखलं आणि काही आठवड्यांत नव्या बीटा पेशींचाही निकाल लावला.

अशा कार्यात विघ्नसंतोषी असायचेच. थायमस ग्रंथीत आपल्याच पेशींवर जोराने धावून जाणाऱ्या टी पेशी आधीच मारल्या जातात, म्हणजे होतकरू उमेदवार पहिल्या फेरीतच बाद. त्यातून निसटलेल्यांना आवरायला नियामक टी पेशी टपलेल्या. ‘जरा दमानं’ म्हणणं एवढंच यांचं काम. मध्यंतरी विज्ञानाने यांना बेदखल केलं होतं, ते बरं होतं. सत्तरच्या दशकात ‘सप्रेसर’ पेशींचा बोलबाला झाला; पुढे त्यांचं म्हणून मानलेलं जनुक उंदरात ठरल्या जागी सापडेना, तेव्हा सगळा विषयच टाकाऊ ठरला. जपानचे शिमोन साकागुची तेवढे हट्टाला पेटले आणि १९९५ मध्ये त्यांनी सीडी२५ची खूण असलेल्या नियामक पेशी दाखवून दिल्या.

या पेशी नसलेलं आदर्श राज्य बघायचं असेल तर ‘स्कर्फी’ उंदीर बघावा. त्याचं फॉक्सपी३ जनुक बिघडलेलं असतं; हे २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधलं. टी पेशींना अडवणारं कुणी नाही. कातडी सोलवटते, प्लीहा सुजते आणि महिन्याभरात राज्य उंदरासकट आटोपतं.

२०२५चं नोबेल या तिघांना मिळालं. लढणाऱ्यांच्या वाट्याला काही नाही, आवरणाऱ्यांच्या शोधाला सगळं. त्याआधी २०२२ मध्ये अमेरिकेने टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता दिलीच होती. आठ वर्षांवरच्या, धोका दिसू लागलेल्या मुलांमध्ये ते टी पेशींना थोपवून आजार सरासरी दोनेक वर्षं लांबवतं. एवढ्यात पोर रोजच्या सुईवाचून तिसरीतून पाचवीत जातं. आमचा निषेध नोंदवून घ्यावा.