हाजिर हो, पण पुढच्या तारखेला

वेब मालिकांतल्या वकीलबाई भलत्याच कडक असतात. त्या उभ्या राहिल्या की आधी पार्श्वसंगीत उभे राहते. त्यांनी नुसते रोखून पाहिले तरी साक्षीदार गुन्हा कबूल करून मोकळा होतो. 2023 मध्ये काजोलची 'द ट्रायल' आली, तीही अमेरिकेच्या 'द गुड वाइफ'वर बेतलेली. कडक वकीलबाईसुद्धा बाहेरून आणाव्या लागतात म्हटल्यावर आम्ही अस्सल खानदेशी मालिका लिहिली आणि मुंबईच्या एका निर्मात्यापुढे ठेवली.

पहिला भाग: जळगावचे न्यायालय, एप्रिल महिना, पारा 43. निर्माते म्हणाले, "बाईंना काळा कोट हवाच." उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत कोटाची सक्ती नसते, हे आम्ही सांगून पाहिले. पण कडकपणा कोटातच असतो, यावर ते ठाम. बाई वकीलपत्राला तिकीट चिकटवतात, शिपाई पुकारा करतो, समोरचे वकील गैरहजर. बांधाच्या भांडणापायी पारोळ्याहून आलेले आजोबा टोपी सारखी करत विचारतात, "ताई, आते पुढली तारीख कव्हय शे?" भाग संपला. निर्माते म्हणाले, "यात थरार कुठाय?" आम्ही म्हटले, "दुसऱ्या भागातही हेच आहे."

मग आम्ही हुकमाचे पान टाकले: जळगावचे घरकुल प्रकरण. अकरा हजारांवर घरे बांधायची, उभी राहिली जेमतेम दीड हजार. फिर्याद 2006 ची, निकाल 31 ऑगस्ट 2019 चा. घरे जळगावची, निकाल धुळ्याचा. विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी धरले, एकाला तर 100 कोटींचा दंड. आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीश बाईच. मागे संगीत नाही, डोळे वटारणे नाही; नुसते निकालपत्र. निर्माते बोटे मोजू लागले. "तेरा वर्षे? आमचे आठ भागांचे बजेट आहे हो! त्यात नायिका म्हातारी दाखवायची तर मेकअपचा खर्च वेगळा."

शेवटी प्रतिभाताई पाटलांचे नाव काढले. जळगावच्या न्यायालयात वकिली, 1962 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी आमदार, 2007 मध्ये राष्ट्रपती. म्हणजे इथली वकीलबाई थेट फाशीचे दयेचे अर्ज येतात त्या टेबलापर्यंत पोचली. निर्माते हसले. "प्रेक्षकांना पटणार नाही. त्यापेक्षा बाईंच्या हाती पिस्तूल देऊ."

तरी घरकुलावर त्यांचा जीव जडला असावा. निघताना म्हणाले, "शेवट तेवढा सांगा." आम्ही म्हटले, "दोषी ठरलेले अपिलात गेले. शेवट लिहायला मुदत हवी." त्यांनी डायरी उघडली आणि पुढची तारीख दिली.