मळमळ पाकिटात, औषध परतटपाली

एडिंबरोचे डॉ. विल्यम कलेन रुग्णाची नाडी न धरता सल्ला देण्यात वाकबगार होते. १८व्या शतकात स्कॉटलंडातून, इंग्लंडातून त्यांच्याकडे पत्रे येत: भूक, झोप, शौच, स्वभाव, सगळे बैजवार. स्वतःच्या पोटदुखीवर लिहायला बसले की भल्याभल्यांची लेखणी बहरे.

डॉक्टर उत्तर धाडत. औषध असेच, पण शिवाय खाणेपिणे आवरा आणि घोड्यावरून रपेट करा. ज्याच्याकडे घोडा नाही त्याने आजारी पडू नये, हे ओघाने आलेच.

यात कुणाला वावगे वाटत नसे. स्टेथोस्कोप यायचा होता १८१६ साली. तोवर समोर बसलेल्यालाही डॉक्टर मुख्यतः प्रश्नच विचारत. मग पत्राने काय घोडे मारले? १७८१पासून तर कलेन उत्तरांच्या प्रती जेम्स वॉटच्या नक्कल-यंत्रावर काढू लागले. वाफेच्या इंजिनवाला वॉट तो हाच. ही पत्रे आजही एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेवलेली आहेत. रुग्ण गेले, तक्रारी राहिल्या.

मार्च १७८४मध्ये चरित्रकार जेम्स बॉस्वेलने आपले आजारी मित्र, कोशकार सॅम्युएल जॉन्सनसाठी कलेनसह एडिंबरोच्या नामांकित डॉक्टरांना पत्रे घातली. उत्तरेही आली. जॉन्सन डिसेंबरात वारले.