सुवर्णकाळ कुणाचा?

विमानप्रवासात पूर्वीची मजा राहिली नाही, अशी हळहळ हल्ली कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरच्या रांगेतही ऐकू येते. पूर्वीची म्हणजे कधीची हो?

कोल्हापूरचा विमानतळ १९३९ चा. राजाराम महाराजांच्या काळातला. संस्थानानं धावपट्टी दिली, देश स्वतंत्र झाला आणि आपण आभाळाकडे बघत बसलो.

ऐंशीच्या दशकात वायुदूत कंपनी आली. गेली. नव्या शतकात डेक्कन आली, मग किंगफिशर आली. त्याही गेल्या. २०११ मध्ये बंद पडलेलं मुंबईचं विमान २०१८ मध्ये केंद्राच्या ‘उडान’ योजनेच्या कृपेनं पुन्हा उडालं. मधली सात वर्षं मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस बिचारी रोज रात्री निघत होती. तिच्या नावानं कुणी उसासे टाकत नाही. टाकणार कसे? ती येते ना रोज!

आता तो सुवर्णकाळ. चढताना गोळ्या, कानात कापूस, चिनीमातीच्या बशीत जेवण, अदबशीर हवाईसुंदरी. सगळं खरं. शेजारचा साहेब तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, तेही खरं. ते मात्र कुणाला आठवत नाही.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हापासून थेट नव्वदीपर्यंत देशातल्या देशात उडायचं तर सरकारी विमानानंच. उशीर झाला, बसा. रद्द झालं, घरी जा. दुसऱ्या कंपनीनं जाईन म्हणायला दुसरी होती कुठे?

आणि जात होतं कोण? एक जण परदेशी निघाला की पोचवायला अख्खी भावकी सांताक्रूझला. हार, नारळ, डोळ्यांना पदर. उडायचा तो एकटाच. बाकीचे गॅलरीतून हात हलवायचे.

आज विमानाच्या रम्य आठवणी सांगतात ते बहुतेक गॅलरीतले.

म्हणून आजचं सगळं गोड मानायचं का? मुळीच नाही. खिडकीजवळ बसायचे पैसे वेगळे. पोह्यांचे वेगळे, आणि पोहे म्हणजे कागदी डब्यात गरम पाणी ओतून झाकून ठेवलेला ऐवज. पंधरा किलोच्या वर सामान गेलं की दंड. कोल्हापूरकराचा सोळावा किलो हमखास गुळाचा असतो. गुळापेक्षा त्याचं भाडं जास्त भरून तो मुंबईच्या पाहुण्यांना म्हणतो, ‘घरचाच आहे, घ्या.’

हवाई चप्पल घालणारा विमानात बसला पाहिजे, असं पंतप्रधान २०१७ मध्ये म्हणाले. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये, असा ‘उडान’चा तेव्हाचा हिशेब होता. छान! पण ते भाडं विमानातल्या साधारण निम्म्याच खुर्च्यांना. कंपनीला अनुदान तीन वर्षं. चौथ्या वर्षी चप्पल तीच, तिकीट निराळं.

मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरला नवं टर्मिनलही झालं. दगडी, देखणं, किल्ल्याची आठवण करून देणारं. लोक विमानाआधी त्याच्यासमोर फोटो काढतात. तेही शहाणपणाचंच, आपल्याकडे इमारती टिकतात, विमानं जातात.

तेव्हा विमान कंपन्यांनो, एवढंच करा. सकाळी मुंबईला नेणारं आणि रात्री परत आणणारं विमान द्या. रोज द्या, आणि अनुदान संपल्यावरही द्या. गोळ्या आणि कापूस आम्ही घरून आणू.