सेक्रेटरीकाका, लिफ्ट फंडाबाबत

प्रति,
मा. सचिव,
आमची (अजून थोडे दिवस तरी) सहकारी गृहरचना संस्था,
कोथरूड, पुणे.

विषय : तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेच्या विक्रीप्रसंगी संस्थेने दाखवलेल्या आपुलकीबाबत.

काका,

आईच्या फ्लॅटच्या एनओसीवर सही करण्यापूर्वी परवाच्या कमिटी मीटिंगमध्ये तुम्ही हस्तांतराचे पंचवीस हजार आणि शिवाय 'लिफ्ट फंडाला स्वखुशीने' दीड लाख रुपये मागितलेत, त्याबद्दल सर्वप्रथम आभार. मागताना तुम्ही चहाही दिलात, बिस्किटंही दिलीत. दीड लाख मागायचे म्हणजे एवढं करावंच लागतं.

आता मुद्दा. माझी आई घर का विकते आहे, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. तिचे गुडघे गेलेत. तीन मजले चढताना ती दुसऱ्या मजल्यावर जोशीकाकूंच्या दारात टेकते, तिथे पाणी पिते आणि मग उरलेला जिना चढते. भाजी आणायला खाली उतरायचं तर आधी दिवसभराची इतर कामं आठवून ठेवते, म्हणजे एका फेरीत सगळं होईल. आपल्या इमारतीत लिफ्ट असती तर हा फ्लॅट विकायचा विषयसुद्धा निघाला नसता. म्हणजे लिफ्ट नाही म्हणून एक बाई चाळीस वर्षांचं घर सोडते आहे, आणि जाता जाता तिने लिफ्टसाठी दीड लाख द्यावेत असं कमिटीला वाटतं. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना संस्थेने शाल-श्रीफळ द्यावं. खर्च त्याच फंडातून करता येईल.

लिफ्टचा इतिहास तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार आहे म्हणून सांगते. विषय सभेत आला की तळमजला म्हणायचा, आमचा लिफ्टशी काय संबंध? पहिला मजला म्हणायचा, आमचा तेवढाच व्यायाम होतो. दुसरा मजला तयार असायचा, पण खर्च क्षेत्रफळानुसार वाटायचा की मजल्यानुसार यावर अडायचा. तिसऱ्या मजल्यावर मतं कमी. मग 'कोटेशन मागवून पुढील सभेत निर्णय' असा ठराव व्हायचा आणि सगळे बटाटेवडा खाऊन घरी. कोटेशनं आली, जुनी झाली, कोटेशन देणाऱ्या एका माणसाने धंदाही बंद केला. आमच्या बापूंच्या हस्ताक्षरातला असा एक ठराव इतिवृत्ताच्या वहीत आहे, तुम्ही तो मला परवा दाखवलात, तोही कौतुकाने. 'बघ, तुझ्या वडिलांनी तेव्हाच मांडलं होतं.' बघितलं, काका.

म्हणजे राहणाऱ्यांनी लिफ्टला पैसे द्यायचे नाहीत असं सर्वानुमते ठरलं आहे. राहिले कोण? जाणारे. दरमहा मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढवायचा म्हटलं तर आपल्या सभेत पानिपत होतं, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला मत आहे आणि उद्या सकाळी जिन्यात पुन्हा भेटायचं आहे. घर विकून निघालेल्या माणसाला मतही उरत नाही आणि तो जिन्यातही भेटत नाही. त्याच्यावर दीड लाख लावले तर एकही हात विरोधात वर होत नाही. टेरेसचं वॉटरप्रूफिंग तळमजल्यावरच्या एका कुटुंबाच्या जाण्यातून झालं. कंपाउंडचं गेट आणखी एका कुटुंबातून निघालं. संस्थेचं अंदाजपत्रक कुणाच्या बदलीवर, कुणाच्या घटस्फोटावर आणि कुणाच्या गुडघ्यांवर चालतं, हे सहकार खात्याच्या कुठल्या नमुन्यात बसतं?

कायद्याचं म्हणाल तर तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ऑगस्ट 2001 चा शासनाचा आदेश आहे, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खालचा. महापालिका हद्दीत हस्तांतराच्या अधिमूल्याचा आकडा जास्तीत जास्त 25,000 रुपये. शिवाय हस्तांतर फी पाचशे आणि प्रवेश फी शंभर. त्यावर देणगी, विकास निधी, इमारत निधी, कुठल्याही नावाने पैसे घ्यायचे नाहीत. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की मर्यादेच्या वरची रक्कम देणगी म्हणून दाखवली तरी ती चालणार नाही. आणि आदर्श उपविधी काय म्हणतात? हस्तांतरासाठी संस्थेच्या एनओसीची गरजच नाही. कुणी मागितलीच तर कमिटीने महिन्याभरात निर्णय द्यायचा.

गरज नाही, तरी तुमच्या सहीसाठी मी तुमच्या पुढच्या खोलीत का बसले होते? कारण खरेदी करणाऱ्या मुलीने बँकेचं कर्ज घेतलं आहे आणि बँकेला संस्थेचं पत्र लागतंच, तेही बँकेच्याच नमुन्यात. ते पत्र आल्याशिवाय चेक निघत नाही. कर्जमंजुरीला मुदत असते. साठेखत नोंदवून झालं आहे, आईने नव्या घराचा इसार दिला आहे. कायद्याने जो कागद नको, तो बँकेने हवा केला, आणि बँकेने हवा केला म्हणून तुम्ही तो महाग केलात. अडला हरी कुणाचे पाय धरतो, ते लिहीत नाही. तुम्ही वडीलधारे आहात.

मौज अशी की याच व्यवहारात सरकारनेही पैसे घेतले. ब्याऐंशी लाखांवर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क झालं असतं. घर मुलीच्या एकटीच्या नावावर म्हणून महिलांची एक टक्का सूट मिळाली आणि चार लाख ब्याण्णव हजारांवर भागलं. नोंदणी फी तीस हजार. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून एक टक्का टीडीएस कापला, ब्याऐंशी हजार. चलन ऑनलाइन, पावती त्याच दिवशी हातात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कुणी चहा दिला नाही, 'बापूंची मुलगी ना तू?' असं विचारलं नाही. सरकारने प्रेमाचा एक शब्द न काढता कायद्यात होतं तेवढंच घेतलं, म्हणून मला ते आवडलं.

बाजाराबद्दलही बोलू, कारण मीटिंगमध्ये तुमचा मुख्य मुद्दा तोच होता. 'भाव बघ ना कुठे गेलेत! मेट्रो आली.' आली. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे सुरू झाली आणि तेव्हापासून कोथरूडातली प्रत्येक जाहिरात मेट्रोपासून पाच मिनिटांवर आहे. पण आपल्या बिल्डिंगचा भाव कसा ठरला, ते मी इतके महिने जवळून पाहिलं. एक जमात राहायला येणाऱ्यांची. ती पायऱ्या मोजायची, खाली पार्किंग बघायची आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून वाकडला टॉवरमध्ये जायची. दुसरी जमात स्वयंपाकघरात पायही न घालणारी. त्यांचा प्रश्न एकच, रीडेव्हलपमेंट कधी? आपल्या गल्लीत दर चौथ्या प्लॉटभोवती पत्रे लागलेत, त्यामुळे आता इथे कुणी घर विकत घेत नाही, पाडकामातला हिस्सा विकत घेतो. एजंट तर मला स्पष्ट म्हणाला, 'मॅडम, भिंतींना किंमत नाही, खालच्या जमिनीला आहे.' बापूंनी निवडलेल्या शहाबादी फरशीवर उभा राहून म्हणाला.

आणि ती जमीन कुणाच्या नावावर आहे, काका? अजून बिल्डरच्या. संस्था नोंदवल्यापासून चार महिन्यांत त्याने कन्व्हेयन्स करून द्यायला हवं होतं. नाही दिलं तर 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचूनही जमीन संस्थेच्या नावावर करून घेता येते. आपली फाइल तुमच्या लोखंडी कपाटात पडली आहे. 'कन्व्हेयन्स झालंय का?' 'नाही.' 'बरं, मग चार लाख कमी करा.' असा संवाद ज्याने ऐकलाय, त्याला दीड लाखाची देणगी मागताना कमिटीने निदान नजर तरी वळवायला हवी होती.

इतर तक्रारी ओघाने. वास्तुवाल्या गृहस्थाने आईच्या देवघराकडे बघून मान हलवली. एकाने 'कार्पेट किती, बिल्टअप किती, खरं किती' असं विचारलं. एजंटचे दोन टक्के. हे सगळं धंद्यात चालतं. त्या माणसांनी आम्हाला आपलं म्हटलं नव्हतं.

तुम्ही म्हटलं होतं, म्हणून आता पत्रातला खेळकरपणा बाजूला ठेवते. बापू गेले, तेव्हा शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर करायचं होतं. वारसाच्या नावावर हस्तांतर होताना अधिमूल्य घेताच येत नाही. उपविधीत तसं स्वच्छ लिहिलंय. तेव्हाही तुम्ही आलात, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि आईला म्हणालात की बापूंच्या स्मरणार्थ संस्थेला काहीतरी द्यावं, अकरा हजार चालतील. आईने दिले. तिला वाटलं, नवऱ्याच्या नावाचं काहीतरी होईल. काय झालं? पंप बदलला. पावती मी परवा पाहिली. 'देणगी' या छापील शब्दापुढे आईचं नाव आणि खाली तुमची सही, कार्बनची निळी शाई फिकट झालेली. बापूंचं नाव कुठेच नाही. ज्या माणसाने या संस्थेची नोंदणी करण्यासाठी उपनिबंधकांच्या कार्यालयात चकरा मारल्या, त्याच्या बायकोकडून तो गेल्यावर दोन आठवड्यांत बेकायदा पैसे घेतलेत आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणालात. लाज वाटायला हवी होती. तुम्हाला, कमिटीला आणि तेव्हा माना डोलावणाऱ्या प्रत्येकाला.

एवढं लिहून थांबणार होते. पण तुमच्या पुढच्या खोलीत तासभर बसले आणि जे दिसलं ते दिसलं. कपाटाच्या वर 'आज पाणी येणार नाही' ही पाटी, दोन्ही बाजूंनी वापरून गुळगुळीत झालेली. खिडकीत व्हॉल्वची किल्ली. त्या तासात तुमचा फोन किती वेळा वाजला! ड्रेनेज तुंबलं, वॉचमनला ॲडव्हान्स हवा, दुसऱ्या मजल्यावरच्यांचा पाहुणा कुणाच्या तरी पार्किंगमध्ये. काकू आतून म्हणाल्या, 'जेवण गार होतंय.' तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात, पहाटे साडेपाचला व्हॉल्व सोडायला उतरता, त्याचा एक रुपयासुद्धा घेत नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत दूध तुम्ही चढवलंत, तुमच्याही गुडघ्यांनी. दर निवडणुकीला फॉर्म भरायला कुणी पुढे येत नाही आणि शेवटी 'काकाच बघतील' असं होतं. तेच लोक मेंटेनन्स वाढवू देत नाहीत, तेच लिफ्ट होऊ देत नाहीत, आणि पंप जळला की रात्री अकराला तुम्हालाच फोन करतात. तुम्ही त्यांच्याकडून पैसे काढू शकत नाही, म्हणून आईकडून काढता.

तुमचं म्हणणं असंही आहे की पंचवीस हजारांची मर्यादा 2001 ची आहे, तेव्हाचा भाव काय आणि आजचा काय, आज तेवढ्यात धड जिनाही रंगवून होत नाही. खरं आहे. शंभर टक्के खरं आहे. मग हे सहकार खात्याला लिहा, फेडरेशनमधून मांडा, मीही सही करते. किंवा सरळ सभेत उठून सांगा की मेंटेनन्स दुप्पट झाल्याशिवाय मी उद्यापासून व्हॉल्व सोडणार नाही. दोन दिवस नळ कोरडे राहिले की तळमजल्यालाही लिफ्ट पटेल.

दीड लाख मात्र मिळणार नाहीत. आई द्यायला तयार होती. 'कशाला वाकडं घ्यायचं, इतकी वर्षं राहिलो,' म्हणाली. मी तिचं चेकबुक काढून घेतलं आहे.

एनओसीच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, तारखेसह. महिना पुढच्या बुधवारी भरतो. आणि खरेदी करणाऱ्या मुलीबद्दल थोडं सांगून ठेवते, म्हणजे तुमची तयारी राहील. घर बघायला आली तेव्हा तिने वास्तू विचारली नाही, पायऱ्याही मोजल्या नाहीत. संस्थेचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. एका कंपनीत इंटर्नल ऑडिटला आहे. मी तिला तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं आहे, की काका एकटे पडलेत, समितीत कुणीतरी हाताखाली हवं. ती म्हणाली, येईन की. वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते ना, मग तारीख कळवा म्हणाली. इमारत निधीत आलेल्या देणग्यांवर तिचे काही प्रश्न आहेत.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरच्या बापूंची मुलगी

सोबत : चेक, रुपये 25,000 फक्त.
प्रत : उपनिबंधक, सहकारी संस्था, पुणे.