पोटमाळ्यावरचा स्पेक्ट्रम पंचावन्न इंची टीव्हीवर : नवशिक्यांसाठी

समजा, अलिबागच्या जुन्या घरात पोटमाळा आवरताना जहाजावरच्या काकांनी लंडनहून आणलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम सापडला. साल १९८२, रबरी बटणं, मेमरी ४८ केबी. रोज सकाळी मावशी पाठवतात त्या ‘सुप्रभात’वाल्या गुलाबाला याहून जास्त लागते. (याची देशी आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनेही काढली होती.) आता तो हॉलमधल्या टीव्हीवर दिसलाच पाहिजे, असं तुमच्या मनाने घेतलंय. घरचे अडवतील. त्यांचं बरोबर आहे, पण ऐकू नका.

१. आधी झटका. खाऱ्या वाऱ्याने मागची कनेक्टरची पट्टी हिरवी पडली असेल, खोडरबराने घासा. आतून पाल निघाली तर दचकू नका, ती तुमच्याआधीची भाडेकरू आहे.

२. वीज ९ व्होल्ट. पण पिनेच्या मध्ये ऋण आणि बाहेर धन, म्हणजे आजकालच्या बहुतेक अॅडॉप्टरच्या उलट. राउटरचा अॅडॉप्टर भोकात अगदी छान बसेल. लावलात, तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही.

३. आता मागचा पत्र्याचा छोटा डबा बघा. हा मॉड्युलेटर. स्पेक्ट्रम स्वतःला दूरदर्शन केंद्र समजतो आणि यूएचएफच्या ३६व्या चॅनेलवर प्रक्षेपण करतो. तुमचा नवा टीव्ही अर्धा तास चॅनेल शोधून ‘सिग्नल नाही’ म्हणेल. तेव्हा डबा उघडा. त्यात दोन वायरी जातात : ५ व्होल्टची आणि चित्राची. पहिली सोडवून टोकाला टेप गुंडाळा. सॉकेटच्या मधल्या पिनेला आतून लागलेला रेझिस्टर तोडा आणि चित्राची वायर त्याच पिनेला सोल्डर करा. झाला कंपोझिट व्हिडिओ! हात थरथरतोय? साहजिक आहे. काका नाहीत, पण काकू आहेत.

चित्रात मुंग्या दिसल्या तर गावाला दोष देऊ नका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून इथेच हलवली, ती उगाच नाही. मुंग्या तुमच्या सोल्डरच्या आहेत.

४. टीव्हीला पिवळ्या पिनेची सोय नसेल तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल. मांडव्याहून बोट धरा, लॅमिंग्टन रोड गाठा. तिथे दोन सारख्याच डब्या मिळतात. एक एव्हीचं एचडीएमआय करते, दुसरी नेमकं उलटं. तुम्ही दुसरी आणाल. सगळेच आणतात. परतीचं तिकीट जपून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, म्हणून बदलायला वडखळमार्गे जा आणि कंबरेला पट्टा बांधा.

५. लावा. पांढरा पडदा, तळाशी एक ओळ : १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. घरच्यांना बोलवा. ‘पुढे?’ असं विचारतील. ‘सर्कल’ची आज्ञा देऊन वर्तुळ काढून दाखवा. पंचावन्न इंचांवर त्याचं अंडं होईल आणि एकेक ठिपका साबुदाण्याएवढा दिसेल. टीव्हीची चौकट ४:३ करा. अंड्याचं वर्तुळ होईल, साबुदाणा राहील.

६. गेम कॅसेटवर आहेत.

तेव्हा कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर पडून असेल तर कृपया कळवा. बदल्यात पांढऱ्या कांद्याची एक माळ देईन, दोन मागितल्यात तरी चालेल.