सात रस्ते, आठवा बंद

सात रस्त्याच्या चौकात उभे राहिले की माणसाला उगाच वाटते, आपण कुठेही जाऊ शकतो. आमचे अण्णा चाळीस वर्षे तिथल्या टपरीवर चहा पितात आणि कुठेही जात नाहीत, ही गोष्ट वेगळी. यंदा मात्र त्यांना जायचे होते. मुलगी मस्कतला, बाळंतपण तिकडेच, आणि अण्णांच्या पासपोर्टची मुदत संपलेली. त्यांनी अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, फोटोत हसायचे नाही ही अट पाळली (ती त्यांना जड गेली नाही). मग पोलीस पडताळणीत निघाले, की अण्णांवर केस आहे.

काही वर्षांपूर्वी पाचव्या दिवशीही नळाला पाणी आले नाही, म्हणून गल्लीने घागरी घेऊन रास्ता रोको केला होता. अण्णा सर्वांत पुढे होते, कारण फोटोग्राफर पुढे होता. रस्ता अडला पंचवीस मिनिटे. त्या पंचवीस मिनिटांच्या तारखा अजून पडताहेत.

"काका, केस पेंडिंग आहे. पासपोर्ट नाही मिळणार," खिडकीतून उत्तर आले.

अण्णांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून मी टिळकांचा दाखला दिला. १९१८ साली होमरूलसाठी विलायतेला निघालेल्या लोकमान्यांचा पासपोर्ट सरकारने रद्द केला आणि त्यांना कोलंबोहून परत यावे लागले. अण्णा म्हणाले, "म्हंजे इंग्रजांनी कोलंबो तरी दाखवलं की!"

पासपोर्ट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, याचा कायदाच आपल्याकडे १९६७ पर्यंत नव्हता. सगळा साहेबाच्या मर्जीचा मामला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही. वीस वर्षे ज्यांना कायदा करायला सवड झाली नव्हती, त्यांनी महिन्याच्या आत वटहुकूम काढला. हक्क जाहीर झाला रे झाला, की कुंपणाचे सामान येऊन पडते. तरी कुंपण बरे निघाले. वटहुकमाचा पुढे पासपोर्ट कायदा झाला; त्याचे कलम ६ म्हणते, दिलेल्या कारणांखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणाने नकार देता येणार नाही. कलम ५ म्हणते, नाकारायचे तर कारण लिहून ठेवा, आणि मागितल्यावर, काही अपवाद सोडता, त्याची प्रत द्या.

आणीबाणी उठल्यावर आलेल्या जनता सरकारने जुलै १९७७ मध्ये मनेका गांधींना सात दिवसांत पासपोर्ट जमा करायला सांगितले. का? सार्वजनिक हितासाठी. म्हणजे नक्की काय? ते सांगणे सार्वजनिक हिताचे नाही! सात न्यायमूर्ती बसले, त्यांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. २५ जानेवारी १९७८ला निकाल लागला: कार्यपद्धती नुसती कायद्यात असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी. वकिलीच्या पोरांना हा निकाल आजही तोंडपाठ असतो. त्यांना सहसा न आठवणारा तपशील असा, की सरकारने बाजू ऐकून घेण्याची तयारी दाखवली म्हणून तो हुकूम रद्द झालाच नाही, आणि पासपोर्ट तूर्त न्यायालयाच्या रजिस्ट्रारकडेच राहिला. देशाला स्वातंत्र्य मिळाले, बाईंना पुस्तिका नाही.

अण्णांची भानगड कलम ६चीच: फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित. पण २५ ऑगस्ट १९९३च्या अधिसूचनेने त्यालाही फट ठेवली आहे. खटला चालू असलेल्या न्यायालयाने परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळतो. न्यायालयाने मुदत लिहिली तर तेवढ्या मुदतीचा, लिहिली नाही तर एक वर्षाचा. वकील म्हणाले, परवानगी मागतो, प्रवासाची तारीख सांगा. तारखेला तिकीट हवे, तिकिटाला व्हिसा, व्हिसाला पासपोर्ट. या चौकात मात्र सातही रस्ते फिरून टपरीवरच येतात.

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महेशकुमार अग्रवाल यांच्या प्रकरणात नेमकी हीच गाठ सोडवली: पासपोर्ट जवळ असणे वेगळे, देश सोडून जाणे वेगळे. खालच्या न्यायालयाची नूतनीकरणाला हरकत नसेल आणि प्रत्येक प्रवासाआधी त्याची परवानगी घ्यायचीच असेल, तर दहा वर्षांचा पासपोर्ट अडवायचे कारण नाही. अण्णांनी निकालाची झेरॉक्स खिडकीत सरकवली. आतल्याने ती उलटसुलट पाहिली. "हे दिल्लीचं आहे, काका. आम्हाला वरून पत्र आलं नाही."

शेवटी आमच्या न्यायालयाने 'हरकत नाही' लिहून दिले. मुदत लिहायची राहिली. एक वर्षाचा पासपोर्ट आला. निम्म्याहून जास्त वर्ष प्रवासाच्या परवानगीच्या अर्जात गेले, आणि सहा महिन्यांहून कमी मुदत उरलेल्या पासपोर्टवर विमानात कोण घेतो?

परवा बारसे झाले. अण्णांनी ते टपरीवर मोबाइलमध्ये पाहिले. मागे बसचा हॉर्न, पुढे पाळणा. मुलीने विचारले, "अण्णा, कधी येताय?"

"पुढची तारीख पडू दे गं," अण्णा म्हणाले, "मग सांगतो."